तीस ग्रॅमचा फरक

हॉस्पिटलमधली ती शेवटची भेट जेमतेम पंधरा मिनिटांची होती आणि त्यातली दहा मिनिटं मी ऑफिसच्या फोनवर होते. वसंतमामांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. मामी खाली औषधं आणायला गेली होती. ती खरंच गेली ना, याची खात्री करून घेतल्यासारखं मामांनी दाराकडं पाहिलं आणि मग म्हणाले, "शुभे, त्या दांडीचं एकदा तुझ्याशी बोलायचंय..." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला होता. आणि मी काय म्हणाले? "मामा, आता कशाला ते जुनं उकरायचं? पाणी हवंय का?" ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दे." मी चमच्यानं पाणी पाजलं, पांघरूण नीट केलं, उद्या येते म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खराडीला ऑफिसात मीटिंग चालू असताना मामीचा फोन आला. "गेले गं तुझे मामा," एवढंच ती म्हणाली. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. भेटायला येणारे 'सुटले हो' म्हणतात, मीही मान डोलावते. पण ते काय सांगणार होते, हे डोक्यातून जात नाही. जाणारही नाही, कारण ऐकून घ्यायची वेळ आली तेव्हा मीच त्यांचं तोंड बंद केलं.

मामा मूळचे आमच्या वाशिमकडचे. तरुणपणी पुण्यात आले ते इथलेच झाले, बोलण्यासकट. मंडईमागच्या एका बोळात त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ऐरण, एक कानशींचा डबा आणि छताला उलटसुलट टांगलेले तराजू. बाहेर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती, 'काटा ठेवून जा. उभं राहिल्यानं लवकर होत नाही.' मंडईतले भाजीवाले, कांदा-बटाट्याचे व्यापारी, रद्दीवाले, सगळे त्यांच्याकडं यायचे. मला आठवीत वडिलांनी शिकायला म्हणून पुण्याला मामांकडं ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी मला रोज दोन वेण्या घालून द्यायची आणि मामा शाळेच्या फाटकापर्यंत सायकलवरून सोडायचे. पुढं जे झालं ते छापायला देऊ का, असं मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण त्यांनी तुला शिकवलं होतं, ते आधी लिही." म्हणून ते आधी.

नववीत आम्हाला आघूर्णाचं तत्त्व होतं. सरांनी व्याख्या फळ्यावर लिहून दिली, आम्ही वहीत उतरवली आणि पाठ केली. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं होणाऱ्या आघूर्णांची बेरीज बरोबर विरुद्ध दिशेनं होणाऱ्या आघूर्णांची बेरीज. हे मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. चाचणीत प्रश्न आला, मधोमध टांगलेल्या पट्टीच्या एका बाजूला वीस सेंटिमीटरवर साठ ग्रॅम वजन आहे, तर दुसऱ्या बाजूला चाळीस ग्रॅम कुठं टांगावं? मी बिनधास्त लिहिलं, वीस सेंटिमीटरवर. समतोल म्हणजे दोन्हीकडं सारखं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पेपरवर भलामोठा भोपळा आला आणि मी तो दप्तराच्या तळाशी दडवला. मामांना कसा सापडला कोण जाणे. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पाठ करायला शाळेत कशाला जायला हवं? ते घरी बसूनही झालं असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी मला दुकानात नेलं. छताला एक लांब लोखंडी दांडी टांगली. दांडी म्हणजे तराजूचा तो आडवा दांडा. तिच्या मधोमध एक धार असते, सगळा तराजू त्या धारेवर तोललेला असतो आणि दोन टोकांना पारडी लटकतात. मामांनी एका बाजूला किलोचं वजन अडकवलं, धारेच्या अगदी जवळ. दुसऱ्या बाजूला अर्ध्या किलोचं वजन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कर सरळ." मी ते आधी जवळ अडकवलं, दांडी किलोकडं झुकली. मग थोडं थोडं बाहेर सरकवत गेले. बरोबर दुप्पट अंतरावर पोचले आणि दांडी आडवी झाली, जराशी थरथरली आणि थांबली. "वजन एकटं काही करत नाही," मामा म्हणाले. "ते कुठं टांगलंय ते बघ." मग त्यांनी मला डोळे मिटून दांडीच्या टोकाखाली बोट धरायला लावलं आणि तेच वजन जवळ-लांब करत राहिले. वजन बदलत नव्हतं आणि बोटावरचा भार बदलत होता. आघूर्ण हा शब्द त्यांना ठाऊकही नव्हता. पण मला ते कळलं. कळलं म्हणजे काय असतं, हेही मला त्याच दिवशी कळलं. इतका आनंद मला पुढं इंजिनियरिंगची डिग्री हातात पडली तेव्हाही झाला नाही, हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते.

पुढचे काही आठवडे माझं डोकं फिरल्यासारखं झालं होतं. दाराला कडी बिजागरीपासून लांब का, हमाल हातगाडीवर पोती चाकाजवळ का रचतो, नळाचा नट सोडवायला मामी पान्ह्याला टोकाशी का धरते, सगळीकडं मला तेच दिसत होतं. कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी घरभर मोजत हिंडायचे. दिवाळीच्या सुट्टीत मामा जेवायला घरी गेले की मी दुकान सांभाळायचे. अशाच एका दुपारी गिऱ्हाइकाला द्यायला तयार असलेला एक तराजू मी सहज मोजला. धारेपासून डावं टोक वीस सेंटिमीटर. उजवं एकोणीस आणि चार रेघा. पुन्हा मोजलं, तेच. पण रिकामी पारडी तर अगदी एका रेषेत होती! मग उजवं पारडं उलटं करून पाहिलं, तर खाली शिशाचा एक तुकडा डाग देऊन चिकटवलेला. मी दोन्हीकडं किलो-किलोची वजनं ठेवली. भाजी ठेवायची डावी बाजू खाली गेली. वही काढून गणित मांडलं. किलोला तीस ग्रॅम भाजी कमी जात होती.

वाचकहो, माझा भाबडेपणा बघा. मला वाटलं, मामांची चूक झाली आणि मी ती पकडली. आता शाबासकी मिळणार! मामा बोळाच्या तोंडाशी दिसले तशी मी वही घेऊन धावतच सुटले. "मामा, चूक सापडली! धार मधे नाहीये, उजवीकडं सरकलीय!" त्यांनी वही हातात घेतली. आकडेमोड वरपासून खालपर्यंत वाचली, शिक्षक तपासतात तशी. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे." थोडं थांबून म्हणाले, "ती चूक नाही."

बस, एवढंच. का केलं, कुणासाठी केलं, किती जणांना करून दिलं, काहीही नाही. आत गेले, तराजू कागदात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. मी चौदा वर्षांची होते. त्या वयात माणूस एक तर देव असतो, नाहीतर चोर. मी त्यांच्याशी बोलणं तोडलं. दुकानात जायचं बंद केलं. अभ्यासाला घर लहान पडतं, असं पत्र वडिलांना लिहिलं आणि महिन्याभरात होस्टेल मिळवलं. खरं कारण मी आईवडिलांना सांगितलं नाही, मामीला तर नाहीच. माझी ट्रंक मामांनीच सायकलच्या कॅरियरला बांधून होस्टेलवर आणून दिली. फाटकाशी म्हणाले, "वेळेवर जेवत जा." मी ट्रंक उचलून आत गेले.

पुढं बोलणं सुरू झालं, सुरू होतंच. मला प्रवेश मिळाला तेव्हा ते पेढे घेऊन आले, माझ्या लग्नात मामा म्हणून उभे राहिले. मधल्या काळात सगळीकडं इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि त्यांचं काम संपलं. दुकान सोडलं, हडपसरला एक लहानसा फ्लॅट घेतला आणि उतारवयात खराडीच्या एका आयटी पार्कच्या फाटकावर वॉचमनची नोकरी धरली. माझं ऑफिस तिथून दोन इमारती पलीकडं. 'माझी भाची इथंच इंजिनियर आहे' असं ते सगळ्यांना सांगायचे, हे मला त्यांच्याबरोबरच्या वॉचमननं अंत्यविधीच्या वेळी सांगितलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते. 'या लायनीत कशा आलात' असं विचारलं की मी नववीच्या सरांचं नाव घेते. मामांचं नाव मी एकदाही घेतलं नाही. आज वाटतं, त्यांची ती लबाडी मला सोयीची होती. तिच्या जोरावर मी आयुष्यभर स्वतःला सरळ माणूस समजत आले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी तोंड उघडलं तेव्हा मला भीती वाटली ती हीच... त्यांच्याकडं खरंच काही कारण असलं तर?

गेल्या रविवारी दुपारी मी मामीकडं गेले होते. ती मेथी निवडत बसली होती, मीही समोर बसले. मग मान वर न करता म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील? तू तेव्हा होस्टेलवर गेलीस, ती माझ्या हातच्या स्वयंपाकापायीच ना?" मला आधी काही समजेचना. ती पुढं म्हणाली, "माझ्यात काहीतरी कमी होतं म्हणूनच लेकरू टिकलं नाही घरात, असं मले सारखं वाटतं." मामी पन्नास वर्षं पुण्यात आहे, पण जिव्हारी लागलेलं बोलताना तिच्या तोंडी 'मला'चं 'मले' होतं. हो म्हणावं, तर या बाईनं हे ओझं मरेपर्यंत वागवायचं. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार, आणि नवऱ्याला जाऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. दोघांनाही सांभाळता येईल असं एकही वाक्य मला सुचेना. शेवटी मी सांगितलं. धार, शिसं, वही, 'ती चूक नाही', सगळं सांगून टाकलं.

मामी रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दांडीचं मला ठाऊक होतं. दोघा-तिघांना करून दिले त्यांनी तसे काटे. तू गेल्यावर बंद केलं म्हणायचे. खरं-खोटं आता कोण सांगणार? पण तू त्यापायी गेलीस, हे मला कुठं ठाऊक होतं?" मग तिचा हात एकदम थांबला. "तुझी ट्रंक पोचवून आले ना, तेव्हा मी विचारलं, का हो गेली पोरगी? तर म्हणाले, तिला तुझ्या हातचं तिखट सोसत नाही, तोंडावर सांगायला लाजते."

मला मामीच्या घरची इतक्या वर्षांची जेवणं आठवत होती. फिकी वांगी, फिकी आमटी, पिवळी उसळ. मला वाटायचं, पुण्यात राहून हिच्या हाताची वऱ्हाडी चव गेली, आणि वाईट दिसायला नको म्हणून मी मुकाट्यानं जेवायचे. ती प्रत्येक वेळी 'जास्त झालं नाही ना गं?' असं विचारायची आणि मी 'छान झालंय' म्हणायचे. मामा तेच फिकं जेवण समोर बसून जेवायचे. एक शब्द बोलले असते तर आम्ही दोघी सुटलो असतो. तेच सांगायचं होतं का त्यांना त्या दिवशी? म्हणून दाराकडं बघितलं होतं का? मला माहीत नाही. दांडीचा राग मी कधीच सोडून दिला होता, असं मला आता जाणवतंय. हा राग नवा आहे, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नाही.

मामी उठली. "बस, जेवून जा," म्हणाली. मेथी तशीच ठेवून तिनं वांगी चिरायला घेतली, फळीवरचा तिखटाचा डबा खाली काढला आणि चमचा न वापरता मूठ घातली. खोकला आवरेना म्हणून मी खिडक्या उघडल्या. मामा गेल्यापासून ती आधी त्यांच्या फोटोसमोर लहान ताटलीत पान ठेवते आणि मगच स्वतः जेवते. मी नेहमीसारखी ती ताटली वाढली, लालभडक भाजी, भाकरी, कांद्याची फोड, आणि फोटोकडं निघाले. मामीनं माझ्या हातातून ताटली काढून घेतली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्या बघू."