टर्बोचा लाल काटा

बसा बाप्पा, चहा घ्या. पण आधीच सांगून ठेवतो, हसाचं नाही. माह्यावर भल्ला अन्याव झाला हाय! आन् तो कोणं केला, हे ऐकाल तं तुमी चहा सांडवान.

मी खोड्याळ माणूस, हे तं अख्ख्या नागपूरले ठाऊक. मोहन मिस्त्रीच्या स्कूटरच्या सायलेन्सरमधी बटाटा कोणं कोंबला? म्या. अण्णासाहेबांच्या पानात चुना जास्त कोणं लावला? म्याच. कधी नाही म्हटलं का? मंग ज्या दिवशी म्या काहीच केलं नाही, त्या दिवशी बी माह्याकडंच बोट? हा कुठचा न्याव गा?

तं झालं असं. धरमपेठेत अण्णासाहेबांकडं मी डायव्हर. मोठे कापसाचे व्यापारी. त्यांचा पोरगा शेखरबाबू विलायतेत होता, त्यानं तिकडून गाडी आणली. मांगं इंग्रजीत काहीतरी लिहेल होतं. मले कुठं वाचता येते? शेखरबाबूच म्हणे, "काका, हे टर्बो हाय. इंजिनात दाबून हवा भरते. लय गरम होते, काट्यावर ध्यान ठेवजा."

बरं, ठेवतो. त्यात मंगलाचं लगन ठरलेलं. मंगला म्हंजे अण्णासाहेबांची पोरगी. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून म्या तिले शाळेत नेलं हाय. आता सावनेरले सासरी चालली. बिदाई याच गाडीत, आन् स्टेरिंगवर मी! दुसऱ्या कोणाचा हात लागू देतो का? नवाकोरा गुलाबी फेटा बी घेऊन ठेवला होता.

आन् काटा पाहा! गाडी आणून आठवडा नाही झाला तं काटा थयथय नाचाले लागला. थोड्या दिवसानं जो लालवर चढला, तो खाली येईचना. बॉनेट उघडलं का लोणच्यासारखा वास!

शेखरबाबू म्हणे, "हा वास कायचा काका?"

म्या म्हटलं, "विलायती इंजिन हाय, तुमच्या तिकडचं पाणी असंच वास मारत अशीन."

शेवटी लगनाच्या सकाळी सदरच्या गॅरेजवरून मोहन मिस्त्रीले बोलावलं. तोच तो, बटाटेवाला. आला तो माह्याकडं डोळे वटारूनच आला.

गाडी रातभर उभी, इंजिन थंडंगार. त्यानं नुसती चाबी फिरवली. काटा टणकन लालवर!

"पाह्यलं का?" मोहन म्हणे. "इंजिन थंडं हाय, काटा खोटं बोलून राहिला."

इंजिनाले एक सेन्सर राह्यते. पाणी किती तापलं ते एका वायरीनं काट्याले कळवते. मोहननं सेन्सरवरची वायर उपसली. "आता काटा खाली पडाले पाह्यजे," म्हणे. पडते कायचा! तसाच वर.

"म्हंजे सेन्सर बरोबर हाय अण्णासाहेब. ही वायर मधात कुठंतरी सोलली हाय, आन् गाडीच्या लोखंडाले लागून राहिली. म्हणून काट्याले वाटते आग लागली. नवी गाडी, वायर आपोआप थोडीच सोलन? कोणंतरी इथी हात घातला हाय."

आन् सगळ्याईनं कोणाकडं पाह्यलं? माह्याकडं!

"गणपत," अण्णासाहेब म्हणाले, "आजच्या दिवशी तरी?"

माहं टाळकंच सटकलं! "अण्णासाहेब, मंगलाची शपथ, म्या खोडी केली नाही! माह्या पोरीच्या बिदाईत मी खोडी करीन का? काहून करीन?"

"बटाटा काहून घातला होता मंग?" मोहन म्हणे.

"अबे, बटाटा वेगळा, बिदाई वेगळी!" मी अंगणात उभा राहून ओरडलो, लगनघरचे पाहुणे जमा झाले. "ऐका सगळे! ज्यानं कोणं इथी हात घातला अशीन, त्यानं आज ही गाडी चालवाची नाही! बिदाईच्या समोर उघड्या डोक्यानं, पायी, चौकापर्यंत चालाचं! मंग तो कोणी बी असो!"

"पक्कं?" अण्णासाहेब म्हणाले.

"पक्कं!"

मोहन वायर चाचपत चाचपत इंजिनाच्या मांगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेला. खांद्यापर्यंत हात घातला. थांबला. मंग हळूच काहीतरी ओढून बाहेर काढलं.

तांब्याची तार. तिच्यात ओवलेलं, शिजून काळं पडलेलं लिंबू. सात मिरच्या. त्याच्या खाली आणखी एक लिंबू.

मी एक पाऊल मांगं सरकलो.

आता तुमीच सांगा! नवी गाडी आली तं समोर लिंबू-मिरची बांधाची का नाही? शेखरबाबू म्हणे, "असलं काही लावाचं नाही काका, मागासलेलं दिसते." मंग काय गाडीले नजर लागू द्याची? म्या गुपचूप आत बांधलं. दोरा गरमीनं जळन, म्हणून तांब्याच्या तारेत ओवलं. एक टोक बोल्टले, दुसरं त्या वायरीले गुंडाळून. काटा नाचाले लागला तं मले वाटलं, नजर लागलीच! म्हणून दुसरं लिंबू घातलं आन् तार आणखी कसून आवळली, तिनंच वायर सोलली म्हणे. अहो, देवाधर्माच्या कामाले खोडी कोण म्हणते? मोहन 'हात घातला' म्हणे, तवा ते माह्या ध्यानातच नव्हतं!

हे म्या सगळ्याईले समजावून सांगितलं. कोणी ऐकून राहिलं होतं का? शेखरबाबू तं हसता हसता मडगार्डवर आडवा.

बिदाईच्या वेळी गाडी निघाली. आत मंगला आन् जावईबापू. स्टेरिंगवर मोहन, आन् त्याच्या डोक्यावर माहा गुलाबी फेटा! समोर बॅंड, बॅंडच्या मांगं भर मे महिन्याच्या उन्हात उघड्या डोक्यानं मी. गळ्यात तेच लिंबू, तारेसगट. ते मोहननं घातलं. माह्या शिक्षेत ते नव्हतं, मी आजही सांगतो!

मंगला हुंदके देत गाडीत बसली होती. काचेतून मले पाह्यलं, आन् जी हसाले लागली, ते सासरी जाईपर्यंत. वर म्हणते कशी, "काका, गाडीले नजर नाही लागली ना पण!"

चौकात मोहननं खिडकीतून मुंडकं काढलं. "गणपतराव, काटा एकदम मधात हाय! तुमचा कुठं हाय?"

माहा काटा केव्हाचा लालवर गेला होता. आन् माही तार कुठं अडकली, हे शोधाले मिस्त्री नको होता. अख्खी धरमपेठ पाहून राहिली होती, माह्याच गळ्यात होती.