सदाशिव पेठ बरोबर किती?

गणिताच्या निवृत्त मास्तराला कोणी कोडं घालू नये. घातलंच, तर बायकोसमोर घालू नये. हे शहाणपण मला गेल्या वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आलं.

हा खेळ आमच्या घरात आणला मुलीनं. ती परदेशात असते. सुट्टीला आली होती तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर एकमेकांच्या चुका काढत बसलेलो तिनं पाहिलं आणि निमूटपणे आमच्या दोघांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. जगभर लोक लहान लहान डब्या लपवून ठेवतात, कुणी झाडाच्या ढोलीत, कुणी पुलाच्या कठड्याला, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतात. आपण जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि होती तशी परत ठेवायची. बक्षीस काही नाही. "मग करायचं कशाला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पोरांना आयुष्यभर लसावि-मसावि काढायला लावलेत, त्याचं काय बक्षीस होतं?" उत्तर माझ्याच वळणाचं असल्यामुळे मी पहिली डबी शोधायला निघालो.

साध्या डब्यांचा मला लवकर कंटाळा आला. पण काही डब्यांचे आकडे सरळ दिलेले नसतात. त्याऐवजी एक कोडं असतं. ते सुटलं तर अक्षांश-रेखांशातले गाळलेले आकडे मिळतात, नाही सुटलं तर बसा घरी. हे कळलं आणि मी माणसात आलो. चौकटींची वही आणली, पेन्सिलींना टोक केलं. एक कोडं रेल्वेच्या वेळापत्रकावर होतं, एक मोडीतल्या ओळीवर. एकात तर नुसता भेळेच्या बशीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "मोजा". मी भिंग घेऊन दोन दिवस कुरमुरे मोजत होतो. बायको पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अहो, कुरमुरे कसले मोजताय? शेंगदाणे मोजा. तेवढेच मोजण्यासारखे आहेत." शेंगदाणे सात होते. उत्तर सातच निघालं. मी म्हटलं, योगायोग.

बायको मूळची अमरावतीची. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन सदाशिव पेठेत आली, पुढे पोस्टात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आमच्याकडे चाळीस वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, माणूस तोवर बाहेरगावचाच असतो, आणि ही गोष्ट ती विसरणार नाही याची काळजी मी घेत आलो आहे. एखादी गल्ली चुकली की "तुम्हा लोकांना पुणं काय कळणार", भाजीत तिखट जास्त पडलं की "हे काय वऱ्हाड आहे का". ती बहुतेक वेळा ऐकून घेते. फारच झालं तर घोटून घोटून पुणेरी केलेली भाषा एकदम सोडते आणि म्हणते, "काहून एवढं ताणून राहिले तुम्ही?" हे वाक्य आलं की मी वर्तमानपत्र वाचायला घेतो.

या खेळात एक मान असतो. नव्या डबीपाशी जो सगळ्यांत आधी पोचतो, त्याचं नाव कागदाच्या पहिल्या ओळीवर येतं. आमच्या नशिबी तो नव्हता. हिंजवडीकडे नोकरी करणारा कुणी एक मोटरसायकलवाला दर वेळी आमच्या आधी तिथे जाऊन आलेला असायचा. पाषाणला आम्ही दुसरे, कात्रजला दुसरे. नावं लिहायचं काम अर्थातच माझं. माझं पूर्ण नाव, खाली "सौ." आणि तिचं. कात्रजहून बसनं परत येताना ती खिडकीपाशी बसली होती. मग म्हणाली, "एकदा, एकदाच, त्या कागदावर सगळ्यांत वर माझं नाव पाहिजे."

"आपलं," मी दुरुस्ती केली.

"माझं," ती म्हणाली. "शाळेत बहिणीची पुस्तकं, घरी बहिणीचे फ्रॉक. पोस्टात बढतीच्या यादीत कायम दुसरी. इथे दारावरच्या पाटीवर तर मी नाहीच."

पाटी लहान आहे, हे मी सांगणार होतो. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून राहू दिलं. मनात मात्र पक्कं ठरवलं की पुढचं नवं कोडं येईल ते आपण फोडायचं आणि हिला पहिला नंबर मिळवून द्यायचा. आपण म्हणजे मी, हे सांगायला नकोच.

ते कोडं एका रविवारी संध्याकाळी आलं. अंश आणि मिनिटं दिलेली होती, मिनिटांच्या दशांश चिन्हापुढचे तीन आकडे अक्षांशाचे आणि तीन रेखांशाचे काढायचे होते. कोडं म्हणजे एक गोष्ट होती. एक पाहुणा पुण्यात येतो. पहिल्या दिवशी सदाशिव पेठेतून निघतो, बुधवारात वायरी बघतो, रविवारात भांडी घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदाशिव पेठेतून निघतो, शनिवारात मित्राकडे जातो आणि सोमवारात चहा पितो. शेवटी एक ओळ होती: "बाहेरून आलेल्याला सोपं, इथल्याला जड."

त्या शेवटच्या ओळीला मी मोठ्यानं हसलो. पाच मिनिटांत कोडं उलगडलं होतं. पेठांना वारांची नावं, वारांना क्रमांक. रविवार एक, सोमवार दोन, असं करत शनिवार सात. एवढं पोरसवदा कोडं मी पाचवीच्या मुलांनासुद्धा घातलं नसतं. राहता राहिली सदाशिव पेठ. दोन्ही फेऱ्या तिथूनच सुरू होत असल्यामुळे तिचा आकडा दोन्हीकडे पहिल्याच घरात येत होता, आणि त्या घरात एका आकड्याची चूक झाली तरी पावणेदोनशे मीटरचा फरक पडतो.

जेवताना मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. तिनं आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "वार नाही ना तो? मग शून्य."

मी घास खाली ठेवला. "सदाशिव पेठ शून्य?"

"वार नाही म्हणून म्हटलं."

"नाना पेठेला शून्य द्या, भवानीला द्या, माझं काही म्हणणं नाही. सदाशिव पेठ सात वारांच्या वरची आहे. म्हणून आठ. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"बरं," ती म्हणाली आणि ताक घ्यायला उठली.

सोमवारी सकाळी मी आठ धरून निघालो. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मला मंडईत जायचंय. फोननं मला मंगळवार पेठेच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांजवळच्या एका भिंतीपाशी नेऊन उभं केलं. मी भिंतीच्या भेगांत बोटं घालू लागलो. दहा मिनिटांनी मागे एक हवालदार येऊन उभा राहिला.

"आजोबा, काही हरवलंय का?"

"नाही. डबी शोधतोय."

"कसली डबी?"

"ते माहीत नाही."

"कुणी ठेवली?"

"तेही माहीत नाही."

त्यानं काठी काखेत घेतली. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "घरी कोण कोण असतं आपल्या?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हा मला काय समजतोय. मी त्याला अक्षांश-रेखांश समजावून सांगायला लागलो, त्यावरून तर त्याची खात्रीच पटली. त्यानं घरचा नंबर मागितला. बायको फोन उचलेना. आम्ही दोघं वीस मिनिटं एका कट्ट्यावर बसलो, त्यानं मला चहाही पाजला. शेवटी तिचाच फोन आला. मंडईत होते, ऐकू आलं नाही, म्हणाली. हवालदारानं सगळी हकिगत सांगितली. पलीकडून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "हो, आमचेच आहेत. द्या पाठवून."

घरी आलो तर ती मेथी निवडत बसली होती आणि काहीतरी गुणगुणत होती. माझी फजिती ऐकून तिला आनंद झाला असणार, असं मी धरून चाललो.

मंगळवारी नऊ धरले. ठिपका कुठल्याशा सरकारी आवाराच्या कुंपणाआड पडला. बुधवारी मला वाटलं, कोडं घालणारा हुशार आहे, त्यानं सातही वारांची सरासरी धरली असणार. सरासरी येते चार. त्या चारानं मला कसब्यातल्या एका सोसायटीच्या जिन्यात नेलं. तिथे चपलांचे स्टँड हलवून बघताना एका बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोणाच्या चपला आवडल्या?" मी तसाच जिना उतरलो. पुण्यात जन्म घेतल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

या तीन दिवसांत मी तासातासाला ॲप उघडून बघत होतो. त्या डबीखाली अजून कुणाचीच नोंद नव्हती. दर वेळी हायसं वाटायचं आणि लगेच धास्तीही, कारण मोटरसायकलवाला काही सदाशिव पेठेत जन्मलेला नव्हता. त्याला शून्य धरायला कसली अडचण? बायको मात्र कोड्याचं नावही काढत नव्हती. स्वयंपाक करायची, मालिका बघायची, मला चहा द्यायची. तिचं ते शांत राहणं मला बोचायला लागलं. तिनं आयुष्यात एकच गोष्ट तोंड उघडून मागितली होती आणि मी ती एका पेठेसाठी घालवत होतो. हे मला नीट दिसत होतं, तरी कबूल व्हायला गुरुवारचा सकाळचा चहा उजाडावा लागला.

"बरं," मी म्हटलं. "शून्य धरून बघतो."

"बघा," ती म्हणाली.

ठिपका नदीकाठच्या रस्त्यावर पडला, आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. मी चप्पल घालतच तिला म्हटलं, चल लवकर. ती साडी बदलून, केस नीट करून आली. एवढा कशाला थाट, असं विचारायची माझी त्या दिवशी हिंमत नव्हती.

वाटेत मी विचारलं, "तुला शून्य सुचलं कसं?"

"नवी आले तेव्हा गाव ध्यानात राहत नव्हतं," ती म्हणाली. "मग मी असेच वार मोजून पेठा पाठ करायचे. रविवार एक, सोमवार दोन. तुमची पेठ त्यात कुठे बसायचीच नाही. मग मी तिथे काही धरायचेच नाही."

"म्हणजे चाळीस वर्षं तू आमच्या पेठेला शून्य धरतेस?"

"कुणाला सांगितलं का मी?"

थोडं पुढे गेल्यावर मी थांबलो आणि जे बोलायला चार दिवस लागले ते बोलून टाकलं. म्हटलं, "हे बघ, माझं चुकलं. तू पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतंस. आता तिथे आधीच कुणी येऊन गेलं असेल तर ते माझ्यामुळे." ती पुढे चालू लागत म्हणाली, "चला तर खरं."

रस्त्याच्या कडेला नदीच्या बाजूनं लोखंडी कठडा होता. ती एका बाजूला उभी राहिली, म्हणाली, "तुम्हीच बघा, माझे गुडघे दुखतात." मी उकिडवा बसून कठड्याच्या आडव्या पट्टीखालून हात फिरवू लागलो. पाचव्या खांबाजवळ लोहचुंबकानं चिकटवलेली एक छोटी डबी हाताला लागली. झाकण उघडलं. आत कागदाची बारीक गुंडाळी होती. ती उलगडली. पहिली ओळ भरलेली होती.

मला मान वर करून तिच्याकडे बघवेना. काय सांगायचं, कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी चष्मा पुसला, निदान त्या माणसाचं नाव तरी कळावं म्हणून. तारीख सोमवारची होती. आणि अक्षर उभं, ठसठशीत, टपालाच्या पावतीवर असतं तसं. चाळीस वर्षं वाण्याच्या यादीवर मी तेच बघत आलो आहे.

नुसतं नाव होतं. आधी "सौ." नव्हतं, मध्ये मी नव्हतो, पुढे आमचं आडनावही नव्हतं.

"मंडईतून येताना," वरून आवाज आला. "तुमचा तो हवालदाराचा फोन आला ना, तेव्हा इथेच होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा कठड्याखाली, उचलणार कसा?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"रविवारीच सांगितलं होतं की. जेवताना." ती माझ्याशेजारी हळूच टेकली. "ॲपवर मुद्दाम टाकलं नाही. म्हटलं, तुम्ही शोधताय तर शोधू द्यावं."

मला राग यायला हवा होता. तीन दिवस मी हवालदाराचा चहा पीत आणि लोकांच्या चपला हलवत हिंडत होतो. पण हसू जे आलं ते आवरेना. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून, आणि ते नाव पुन्हा पुन्हा बघत होती. इतकी खूश मी तिला मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो गुडघ्यावर सरळ करून धरला आणि पर्समधून पेन काढून माझ्यापुढे केलं.

मी तिच्या नावाखाली, दुसऱ्या ओळीवर, माझं नाव लिहिलं. नुसतं नाव. ती वाकून बघत होती.

"तारीख आजची टाका हं," ती म्हणाली.