तोंडाकडचे रिबिट

आधी हातोडी, मग रामराम. असा माणूस तुमच्या गावात असला तर तुम्ही ओळखालच.

आमच्या नदीच्या घाटावर लोहारकाम करणारा मामा समोर येईल त्या वस्तूवर छोटी हातोडी वाजवायचा. नव्या सुनेनं आंदणात आणलेली घागर त्यानं मांडवातच वाजवली. "बद्द. सोयरा फसवून राह्यला तुमाले." शेजारच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याची छाती बोटानं ठोकली. "हे बी बद्द." म्हातारा महिन्यात गेला. तेव्हापासून आजारी माणसाच्या घरी मामाला कोणी आत घेईना.

उमर गेली त्याची समुद्रकाठी जुनी जहाजं तोडण्यात. दोन बोटं तिकडंच ठेवून आला. भीमपूरकडच्या आमच्या गावात समुद्र कोणी पाहिला नाही, पण पहिल्या-पहिल्या मोठ्या प्रवासी जहाजांच्या गोष्टी तो भट्टीपाशी बसून सांगायचा. आधीची लोखंडी जहाजं जाड पत्र्याची. एक तर किनाऱ्यावर चढून अख्खा हिवाळा लाटा खात पडलं, तरी ओढून काढलं अन् पुन्हा चाललं. मागून मोठी आली, पोलादाची. मधल्या भागात मशीनीनं ठोकलेले पोलादी रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारे टोपीचे खिळे. पण तोंडाकडं वळण असतं, मशीन पोचत नाही. तिथं हातानं ठोकलेले लोखंडी, त्या लोखंडात मळ राहिलेला. बर्फाच्या पाण्यात धक्का बसला की टोपी उडायची, पत्र्यांचा सांधा उघडायचा, अन् गाव मावेल एवढं जहाज खाली.

"पत्रा नाई बुडवत बे, रिबिट बुडवते," म्हणायचा.

पैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता, माझी पत्र्याची नाव चालायची. तोंडाकडचे रिबिट सडले. मी आदिलाबादच्या भंगारातून दुसरे आणले अन् स्वतःच ठोकले. मामाकडं गेलो नाही, त्याची बोलणी नको होती. वरून डांबराचे दोन हात दिले.

पूस महिन्यातली जत्रा होती, पलीकडच्या काठाला. सकाळीच मामा हातोडी घेऊन आला. तोंडाकडं ठोकलं. डांबरातून आवाजच निघेना.

"डांबर खरड. मले ऐकू येऊन नाई राह्यलं."

"मामा, माणसं खोळंबली. हे काई तुमचं जहाज नोहे."

माझी बायको तोंडाकडंच बसली होती. म्हणाली, "मामा, नवऱ्याचं डोस्कं वाजवून पाहा. थे त बद्दच हाय." सगळी नाव हसली. मामा हसला नाही.

मधल्या धारेत खडक लागला. धक्का केवढा, तर बैलगाडी दगडावरून जावी तेवढा. दोन टोप्या उडाल्या, सांधा उघडला. बाकीचे पोहत, एकमेकाला धरत निघाले. बायकोचं लुगडं बाकाखाली अडकलं.

तिसऱ्या दिवशी नाव ओढून काढली. दुखवट्याला बसायला आलेले लोक काठावर होते. मामानं डांबर खरडलं, एकेक रिबिट वाजवला. बद्द निघाला की खडूची फुली. अकरा फुल्या झाल्या. मग सगळ्यांपुढं मला म्हणाला, "अकरा बद्द रिबिटावर बसवलं तू तिले."

मी दगड उचलला. लोकांनी हात धरला म्हणून वाचला.

त्यानंतर कैक वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्यानं बोलावणं धाडलं. खाटेवर नुसती हाडं. सदऱ्याची बटणं सोडली.

"वाजव."

मी बोटानं ठोकलं. दुसरा कोणी असता तर खोटं बोलला असता. मी नीट ऐकलं.

"बद्द," म्हटलं.

"आता ऐकू आलं तुले." हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तोंड भिंतीकडं केलं. "त्या दिवशी मीच खरडाले पायजे होतं. हातोडी त माह्या हातातच होती."

चार दिवसांनी गेला.

हातोडी माझ्याकडं आहे. बायकोचा पितळी हंडा एकदा वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. ती गेल्यापासून रिकामाच आहे.