धुळ्याची खोली रिकामी की भरलेली

आकडे पुढे करून बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो, आणि पोटासाठी मी नेमकं तेच काम करतो. जळगावातल्या एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर माझ्याकडे आहेत. संस्थेची कॉलेजं जळगावात आणि धुळ्यात. दोन्हीकडे एकेक सर्व्हररूम होती. आता एकच उरली आहे, जळगावची.

धुळ्याची खोली आपा सांभाळायच्या. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. देवपुरात कॉलेजच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. मिस्टर पूर्वी रिक्षांचे हुड शिवायचे. लकवा झाला आणि अंथरुणाला खिळले. मूलबाळ नाही. आपा रोज दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या, त्यांना भरवायच्या, कुशीवर वळवायच्या आणि परत येऊन खुर्चीत बसायच्या. "सर्व्हर आणि नवरा, दोघांनाही वेळच्या वेळी बघावं लागतं. फरक एवढाच, की सर्व्हरला एसी मिळतो," असं त्या मला फोनवर सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

एका उन्हाळ्यात अध्यक्षांनी मला बोलावलं. त्यांना सगळे नाना म्हणतात. रावेरकडे त्यांची केळीची बाग आहे आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते केळीवरूनच समजून घेतात. "मले सांग, दोन गावात दोन एसी आन् दोन माणसं कायले पाहिजे?" ते म्हणाले. "एक सॉफ्टवेअर येते म्हणे, कोणता सर्व्हर किती भरेल आहे ते सांगते. ते बसव. पहिला महिना फुकट आहे."

आमच्याकडे एकाच मोठ्या मशीनमध्ये पाच-सहा सर्व्हर बिऱ्हाडं केल्यासारखे राहतात. एकात प्रवेश, एकात फीच्या पावत्या, एकात परीक्षा. हे सॉफ्टवेअर रात्रंदिवस पाहत राहतं, की कोण किती मेमरी खातंय, किती जागा अडवून बसलंय. मग सांगतं, हे मशीन किती दिवस पुरेल आणि कुठलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येईल. बसवणं अवघड नव्हतं. सगळं बघू शकेल पण कशाला हात लावू शकणार नाही असं एक खातं दोन्हीकडे उघडायचं होतं, आणि किती टक्क्यांखाली मशीन रिकामं समजायचं ते ठरवायचं होतं. कंपनीने आधीच भरून दिलेला आकडा मी तसाच ठेवला. सगळे तसाच ठेवतात.

धुळ्याकडचं खातं आपांनी उघडून दिलं. "भाऊ, माझ्यावर पहारा बसवताय," त्या म्हणाल्या.

"पहारा मशीनवर आहे, आपा."

"मशीनवर पहारा बसवून मशीनला कोणी घरी पाठवत नाही."

फुकटचा महिना मे महिन्यात आला. त्या महिन्यात धुळ्यातलं कॉलेज ओस असतं. लॅब बंद, वर्ग बंद, आवारात फक्त पाखरं. शिवाय दुपारी ऊन असं असतं, की जुना एसी दम टाकतो, म्हणून लागत नसतील ते सर्व्हर आपा बंद करून ठेवायच्या. मशीन जळू नये म्हणून त्या जेवढं जपत होत्या, तेवढं ते आळशी दिसत होतं. महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअरने धुळ्यापुढे 'रिकामं' म्हणून निळी खूण केली आणि खाली सुचवलं, हे जळगावात सामावून घेता येईल.

नानांनी अहवाल पाहिला. "अर्धा ट्रक दिल्लीले कोन पाठवते?" ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "नाना, कापणी झालेल्या बागेत जाऊन घड मोजल्यासारखं आहे हे. ॲडमिशनच्या दिवसांत मोजा आणि मग बोला." एवढं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. ते रागावतील असं वाटलं होतं. उलट ते म्हणाले, "बरं. तव्हा पुन्हा मोज." आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स विकत घेतलं. प्रिंटरची शाई मागितली तर तीन सह्या मागणारा माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र पिंप्राळ्याला घरी जाताना स्कूटरवर शीळ घालत होतो.

आपाही खूश होत्या. "दिसू दे एकदा, माझी मशीनं कशी राबतात ते," त्या म्हणाल्या. जून-जुलैत धुळ्यात शिंदखेड्यापासून साक्रीपर्यंतची पोरं फॉर्म भरत होती. मेमरी संपत आली, जागा संपत आली. तरी आपांनी एकदाही काही बंद पडू दिलं नाही. पडद्यावर धुळं लालभडक झालं. लाल रंग बघून मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. रंगीत प्रिंट काढून मी स्वतः नानांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ धरला. "अरे, हा तं दबून राहिला. ट्रकमध्ये इतका माल टाकला, की खालची केळी दबते. उतरवून घ्या सगळा. जळगावले मोठा सर्व्हर घेऊ."

"नाना, मागच्या वेळी रिकामा म्हणून हलवायचं होतं."

"तव्हा रिकामा होता, आता भरेल आहे. दोन्ही टायमाले तूच सांगतलं."

निर्णय आधीच झाला होता, फक्त त्याच्या अंगावर घालायला सदरा हवा होता. तो मी दोनदा शिवून दिला.

आपांना जळगावात जागा देऊ केली. सकाळच्या एसटीने यायचं, अंधार पडता पडता परत. दुपारी भरवणार कोण, एवढंच त्यांनी विचारलं. घरून काम करू द्या, असं मी नानांना सुचवलं, तर ते म्हणाले, माणूस डोळ्यासमोर पाहिजे. आपांनी राजीनामा दिला. त्या येत नाहीत म्हटल्यावर जळगावची ती जागाही रद्द झाली आणि त्यांचं काम माझ्या कामात मिळवलं.

धुळ्याचं मशीन बंद करायला मी गेलो होतो, पण आपांनी मला हात लावू दिला नाही. एकेक सर्व्हर त्यांनी स्वतः बंद केला, शेवटी मोठं मशीन. पंख्यांचा आवाज थांबल्यावर खोलीत बाहेरची कावळ्यांची कावकाव ऐकू यायला लागली. त्यांनी ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "चला, यांच्या जेवणाची वेळ झाली." आम्ही मशीन गाडीत चढवत होतो तेव्हा वॉचमन आबांनी विचारलं, "बठ्ठं लई चालनात का भाऊ?" मी म्हणालो, हो, सगळंच नेतोय.

त्यानंतर काही अडलं, की मी आपांनाच फोन करायचो. मागे कुकरची शिट्टी व्हायची, मिस्टरांचं अस्पष्ट काहीतरी ऐकू यायचं, आणि आपा भाजी चिरता चिरता सांगायच्या, अमुक बंद करून अमुक चालू करा.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीचा डेटाबेस उघडेना. मी फोन केला. मागे काहीच आवाज नव्हता. त्यांनी काय करायचं ते नीट सांगितलं. मी करत होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊ, आमचे मिस्टर गेले. मागच्या महिन्यात."

"कळवलं नाही तुम्ही, आपा."

"कोणत्या नात्याने कळवू?" त्या शांतपणे म्हणाल्या. मग पुढे, "आता दुपारी घरी असायचं काही कारण नाही. सकाळची एसटी मला मिळते. जळगावची ती जागा आहे का अजून?"

जागा नव्हती. मला ते पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "नानांना विचारून बघतो."

"विचारू नका, भाऊ. नसेल तर नाही म्हणून सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघते."

मी नाही म्हणून सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "डेटाबेस उघडला का ते बघा आधी."