मास्तरांच्या पायावरची सूज

गाडी शिकवणारे मास्तर मोठे बोलके. "क्लच सोडा हो, तो काही पळून जात नाही!" असं ते ओरडायचे आणि शिकणारी बाई घाबरून तो आणखीच दाबून धरायची. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा थोरल्या बहिणीच्या मूळपेशी जुळल्या. त्या मास्तरांच्या अंगात रुजल्या आणि त्यांचा रक्तगटही बदलून ताईचा झाला. "आता तरी अक्कल येईल," ताई म्हणाली.

अक्कल काही आली नाही. वर्षभरानं पाय सुजू लागले, तर मास्तरांनी बूट काढून सैल चपला घातल्या. गुडघे दुखायचे, त्यावर दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या. एकदा ताई घरी आली, तर हे पाय सोफ्याखाली सारून बसले. तिनं वाकून नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना.

"कधीपासून?"

"उभं राहणं जास्त झालं गं."

"गाडी शिकवतोस तू. बसून!"

तपासणीत रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. किडन्या निम्म्याहून कमी काम करत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताईंच्या पेशी तुमच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून जी गोळी देतो, तिचा किडनीवर भार पडतोच. त्यात तुमच्या दुखण्याच्या गोळ्यांनी भर घातली. त्या आजच बंद. आमची गोळी हळूहळू कमी करू, एकदम नाही."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

"हो. मधल्या वाटेनं जायचंय."

जिन्यात मास्तर थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "तू एवढं दिलंस, आणि मी ते नासवलं."

"वेड्या, तू जगावंस म्हणून दिलं. माझे उपकार फेडायला नाही. दुखलं की सांगत जा, एवढंच."

पुढचे महिने जिकिरीचे गेले. गोळी कमी करताना अंगावर पुरळ उठलं, ताईच्या पेशी उलटू लागल्याची ती खूण; तेव्हा पुन्हा थोडी वाढवावी लागली. मीठ कमी झालं, रक्तदाबाची औषधं आली. हळूहळू सूज उतरली. किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत, होणारही नाहीत; पण डायलिसिसची वेळ आली नाही. मास्तर आता सकाळच्या वेळेपुरतं शिकवतात.

तपासणीला ताई बरोबर जाते. मागच्या खेपेला रिपोर्ट आधीसारखाच आला, आणखी बिघडला नव्हता. बाहेर बाकावर बसून तिनं डॉक्टरांना विचारून आणलेलं सफरचंद कापलं. मोठी फोड मास्तरांनी उचलली. उरलेली लहान फोड ताईनं घेतली.