फुलांची राणी आणि ओलं गोणपाट

भाग्यश्री ही माझी सख्खी धाकटी बहीण. मखमलाबादात आमच्यासारखी शेवंती कोणाची नाय, आणि भाग्यश्रीसारखी पोरगी तर अख्ख्या नाशकात नाय. मी नववीत शाळा सोडली, पण ती कॉलेजात जाते, आणि वरून जपानी बोलते. कोणी शिकवली? कोणी नाय. मोबाईलवर अ‍ॅनिमे बघून बघून शिकली. मी एकदा त्याला कार्टून म्हणालो, तर माझ्या ताटात भाकरी वाढली नाय.

गंगापूर रोडला एका हॉलात या अ‍ॅनिमेवाल्यांचा मेळावा होता. आपल्या आवडीच्या पात्राचा वेश करून जायचं आणि स्टेजवर चालून दाखवायचं. भाग्यश्रीला फुलांची राणी व्हायचं होतं. पांढऱ्या झग्यावर तिनं क्रेप कागदाची शेवंती टाचली, गुलाबी, पिवळी, जांभळी. दिवाळीपासून कॉलेजातून आली की हेच. फुलबाजारातल्या झुंबरमामाला मी मुद्दाम घरी आणून दाखवलं. त्याचा जन्म फुलांत गेला, तो म्हणतो, "खरी का रे ही?" मी म्हणालो, "वास घे की."

"नंबर नको मला दादा," ती म्हणायची. "एकदा फक्त स्टेजवर चालायचंय."

त्या दिवशी बाजारात माल टाकून तसंच पुढं हॉलवर जायचं ठरलं. झगा पिकअपमध्ये मागं एका रिकाम्या क्रेटवर ठेवला. आमच्या आईचा, गोजराबाईचा, गाडीत फुलं दिसली की हात आपोआप चालतो. पाणी शिंपडायचं, वरून ओलं गोणपाट टाकायचं. ही फुलं तिला कापडाची वाटायची, पाण्यानं काय होतंय त्यांना. उन्हात सुरकुततील म्हणून तिनं झग्यावर जरा जास्तच पाणी मारलं.

हॉलबाहेर मी गोणपाट उचललं तर शेवंतीचा लगदा झालेला. सगळे रंग उतरून झगा रंगपंचमी खेळून आल्यासारखा. कोणी केलं ते विचारायला नको होतं.

"आईला सांगायचं नाय," भाग्यश्री एवढंच म्हणाली.

ती बायकांच्या बाथरूममध्ये हात सुकवायच्या मशीनखाली झगा धरून बसली. मी बाहेर, तिचा हिरवा विग हातात घेऊन. तलवार लावलेलं एक पोरगं आलं.

"काका, तुम्ही कोण झालाय?"

"मी तिचा भाऊ झालोय."

तेवढ्यात माईकवर तिचं नाव पुकारलं. मी दारातून हाका मारतोय, ती आतून "थांब, थांब". शेवटी ओलाच झगा घालून पळत आली, तोवर पुढची पोरं स्टेजवर गेली होती. माईकवर रोहित नावाचा पोरगा होता. त्याला म्हणालो, "भाऊ, एक मिनिटाचं काम हाय. बाजारात मी शब्द टाकला तर लिलाव थांबतो."

"इथं नाय थांबवता येत दादा," तो बिचारा नरमाईनं म्हणाला. "लय पोरं बाकी हायेत."

माझं एवढं तोंड, पण तिथं 'बरं' म्हणून मागं फिरलो.

भाग्यश्री जिन्यात रडत बसली. मग कोल्ह्याचे कान लावलेल्या दोन पोरी शेजारी येऊन बसल्या. काय बोलल्या ते जपानीत. ही रडता रडता हसायला लागली. मग काय, गाणी, उड्या, फोटो, सगळ्यांच्या गळ्यात गळे. टाचा सुजल्या, डोळ्यांत घातलेल्या रंगीत लेन्सनं डोळे लाल झाले, आवाज बसला.

"घरी जायचं का?"

"अजून थोडं, दादा."

असं संध्याकाळपर्यंत. मी पिशव्या धरून उभा. इतकी खूश मी तिला कधी बघितली नाय, पण मधेच तिची मान स्टेजकडं वळायची, ते मला बघवत नव्हतं. येताना विगसकट गाडीत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत लंगडत फुलं खुडायला आली.

"चालली का गं स्टेजवर?" आईनं विचारलं.

"चालले ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"वाटेत फुलं सुरकुतली नाय ना? मी चांगलं पाणी मारलं होतं."

"नाय आई. होती तशी राहिली."

आईनं माझ्याकडं बघितलं. "कशी दिसली रे?"

मी म्हणालो, "एक नंबर," आणि अर्धाच भरलेला क्रेट उचलून गाडीकडं निघालो.