दोन रीडिंगमधलं चांगलं

भूतबित मी कधीच मानलं नाही. माझं सगळं यादीत असतं आणि यादीत अशा गोष्टींना रकाना नसतो. तरी लिहितेय... कारण ओळखीच्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही.

मी ज्येष्ठांना घरी जाऊन व्यायाम शिकवते. गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर शालिनीकाकू राहतात. वय बहात्तर, एकट्या. काका जाऊन दोन वर्षं झाली. काठी सोडून एकटीनं खाली उतरायचं, हाच त्यांचा ध्यास. "शेजारची सून नेते गं भाजीला, पण बकरी ओढल्यासारखं!"

म्हणून सकाळी अकराला बॅलन्स टेस्ट घेतली. फरशी कोरडी, चपला काढलेल्या, खुर्ची जवळ. शेवटी डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी हातभर अंतरावर – तोल गेला तर सावरायचं, एरवी शिवायचं नाही.

वीस सेकंद... पंचवीस... काकू खांबासारख्या उभ्या.

"सोड की आता कोपर," त्या म्हणाल्या.

"मी कुठं धरलंय, काकू?"

"मग हे असतील. जिन्यात असंच धरायचे."

मी पाहिलं. डावं कोपर अंगापासून जरा उचललेलं होतं. कातडीवर चार खळगे, बोटांनी दाबल्यासारखे. माझ्या एका हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, दुसरा हवेत... वयाची कातडी, दिसते अशी, असं मी स्वतःला सांगितलं. आणि गमतीत म्हणाले, "काका, सोडा बघू! परीक्षेत कॉपी चालत नाही!"

काकू हसल्या. तीस सेकंद भरले, त्यांनी पाय टेकला. खळगे माझ्या डोळ्यांदेखत भरून आले.

दुसऱ्या वेळी चौथ्या सेकंदालाच त्या माझ्या अंगावर कलल्या.

आमच्याकडे दोन रीडिंगमधलं चांगलं धरतात. मी 'तीस सेकंद' लिहिलं. साडेबाराला लालबागला दुसरा क्लायंट होता. "काठी सोडायला हरकत नाही," म्हणून निघाले.

तिसऱ्या दिवशी काकू जिन्यात पडल्या. खुबा मोडला.

हॉस्पिटलमध्ये मी माफी मागायला लागले, तर त्यांनीच थांबवलं. "तुझं काय चुकलं? दोन वर्षं जिना उतरताना कोपराला आधार लागायचा बघ. हसाल म्हणून कुणाला बोलले नाही. तुझ्या टेस्टपासून तो नव्हता. मला वाटलं, आता मला गरजच उरली नाही!"



त्या खळग्यांचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. चार सेकंदांचं मात्र आहे – तो त्यांचा एकटीचा तोल होता, ते चार सेकंद मी लिहायलाच हवे होते. आता दोन्ही रीडिंग लिहिते.

काकू घरी आल्यात, वॉकर घेऊन. मी रोज जाते. त्या उभ्या राहायच्या आधी, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी म्हणते, "काका, धरा आता."

मग डाव्या कोपराकडे बघते. कातडी सपाट असते.